वेबसाइट वाचणाऱ्या इंगळेकाकू

इंगळेकाकूंची आणि माझी ओळख भेंडीने करून दिली.

मलकापूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ऑफिस होतं. खाली ठिबकच्या नळ्या आणि फवारणीचे पंप यांचं दुकान, आणि लोखंडी जिना चढून वर गेलं की तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर आणि रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. दुकानाचे मालक सागरभाऊ. त्यांनी शेतीची माहिती देणारी एक वेबसाइट काढली होती. लोक माहिती वाचायला येतील, वाचता वाचता त्यांना बाजूला पंपाचं चित्र दिसेल आणि पंप घ्यायला ते जिन्याखाली येतील, असा त्यांचा बेत. माहिती लिहायचं काम माझ्याकडे. लेख जितका लांब तितका तो सर्चमध्ये वर दिसतो, असं सागरभाऊंनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यामुळे हजार शब्द झाल्याशिवाय ते लेख चढवू देत नसत. भेंडीबद्दल मला जे ठाऊक होतं ते दीडशे शब्दांत संपायचं. बाकीचे साडेआठशे मी एम. ए. मराठीच्या जोरावर उभे करत असे.

एके दिवशी दुपारी जिना धाडधाड वाजला आणि साठीच्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, काळ्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेला चष्मा. त्यांनी पिशवीतून भेंडीचं अख्खं झाड काढलं, मुळांना माती लागलेलं, आणि माझ्या कीबोर्डशेजारी ठेवलं. पानांखाली मावा बुजबुजला होता.

"भेंडीवरचा लेख कोणं लिवला?"

"मी," मी म्हणाले. मला थोडा अभिमानही वाटला. वाचक प्रत्यक्ष भेटायला येण्याची ती पहिलीच वेळ होती.

"पंधरा मिनिटं वाचून राह्यली मी. भेंडी कोठून आली, भेंडीत काय काय असते, पुराण्या काळात भेंडी कोण खाये, सारं समजलं. आता मले एक सांग. माव्यावर काय मारू?"

मी माझाच लेख उघडला आणि खाली सरकवत गेले. बराच वेळ सरकवत गेले. शेवटी वाक्य सापडलं: 'योग्य त्या कीटकनाशकाची तज्ज्ञांच्या सल्ल्याने फवारणी करावी.'

"कोणतं योग्य? कोण तज्ज्ञ?" बाईंनी विचारलं. मग झाड पुन्हा पिशवीत घालत म्हणाल्या, "मी सारी नोकरी बसस्टँडवर केली, चौकशीच्या खिडकीत. बुलढाण्याची गाडी किती वाजता आहे असं कोणी इचारलं, अन् म्या त्याले बुलढाण्याचा इतिहास सांगतला असता, तर त्यानं खिडकीतून हात घालून माही वेणी ओढली असती, बाई."

आतल्या बाजूला सागरभाऊ फोनवर होते. ते फोन ठेवून हसत बाहेर आले. खरं तर हसण्यासारखे दिवस नव्हते. वेबसाइट पाहणारे महिन्यागणिक कमी होत होते. दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर वरचा मजला बंद करून तिथे पाइप ठेवायचे, असं त्यांनी मला आणि वेबसाइटचं तांत्रिक काम पाहणाऱ्या रफिकला स्पष्ट सांगितलं होतं. कोणीतरी सगळी पानं एकदा नीट वाचून कोणती ठेवायची, कोणती दुरुस्त करायची आणि कोणती काढायची ते ठरवलं पाहिजे, असं रफिक वर्षभर म्हणत होता. पण साडेआठशे पानं वाचणार कोण? ती लिहिली मी, पण मीसुद्धा पुन्हा वाचली नव्हती.

"काकू, रिकाम्या आहात का?" सागरभाऊंनी विचारलं.

"रिटायर आहो, रिकामी नाही," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला स्वतःचा कप घेऊन हजर झाल्या.

येताना त्या भेंडीच्या माव्याचं उत्तरही घेऊन आल्या होत्या. कृषी सहाय्यकाला गाठून, काय मारायचं, किती पाण्यात, आणि त्यानंतर किती दिवस भेंडी तोडायची नाही, हे सगळं विचारून त्यांनी चार ओळींत उतरवलं होतं. हजार शब्दांच्या जागी त्या चार ओळी गेल्या. 'माहीत नाही' असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. 'इचारून सांगते' म्हणायच्या, आणि खरंच विचारून यायच्या.

काकूंना दोन आवाज होते. एक खिडकीतला: प्रमाण, सरळ, प्रत्येक शब्द सुटा. दुसरा घरचा, वऱ्हाडी. लेख त्या पहिल्या आवाजात मोठ्याने वाचायच्या आणि निकाल दुसऱ्या आवाजात द्यायच्या. वाचायच्याही उभ्याने. खुर्ची पुढे केली तर म्हणायच्या, "बसून वाचलं की माणूस माफ करते."

"'आजच्या धावपळीच्या युगात शेतकरी बांधवांनी कांद्याचे महत्त्व ओळखणे...'" इथवर वाचून त्या थांबल्या. "हे युग कोण्या स्टॉपवर चढलं वं? उतरव त्याले."

रफिकने शोधून पाहिलं, तर ते युग शंभरावर लेखांत पहिल्याच ओळीत पाय पसरून बसलेलं निघालं. सगळे माझे. 'बहुगुणी' या शब्दावर तर काकूंचा दात होता. कोरफड बहुगुणी, शेवगा बहुगुणी, गांडूळ बहुगुणी. "एवढे गुण माह्या सासूनं कोणातच नाही पाह्यले," असं म्हणून त्यांनी एकेक गुण खोडायला लावला. मी दोन दिवस रुसले होते. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यांनी तेही खोडलं.

कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात खुणा करायला त्यांनी साफ नकार दिला. मग रफिकने सगळ्या पानांची यादी छापून भिंतभर चिकटवली. काकूंनी येताना टिकल्यांची पाकिटं आणली. लाल टिकली म्हणजे ठेवायचं, हिरवी म्हणजे दुरुस्त करायचं, काळी म्हणजे काढून टाकायचं. आठवड्याभरात भिंत काळवंडली. एकट्या गुलाबी बोंडअळीवर आमचे अकरा लेख होते, थोडे थोडे वेगळे. ते सर्चमध्ये एकमेकांनाच मागे ओढतात, हे रफिक मला कधीपासून समजावत होता आणि मला कळत नव्हतं. काकूंना एका वाक्यात कळलं. "एकाच गावाले, एकाच टायमाले अकरा गाड्या सोडल्या तर एकही भरत नाही," त्या म्हणाल्या, आणि अकरांचा एक करायला लावला.

खाली पंप पाहायला आलेल्या एक बाई एकदा चुकून वर आल्या. भिंतभर टिकल्या बघून त्यांनी दबकत विचारलं, "हळदीकुंकू आहे का?"

"हाव," काकू म्हणाल्या. "वाण म्हणून एकेक लेख देऊन राह्यलो. न्या, काळ्या टिकलीचा कोणताही न्या."

पानं वाचून झाली तरी त्यांचं समाधान होईना. "लोक काय तुह्या पंख्याखाली बसून वाचतात का?" असं म्हणत त्या मला एक दिवस सोनाळ्याला घेऊन गेल्या. तिथे त्यांची धाकटी बहीण दिलेली. नांदुरा, जळगाव जामोद करत पोचायला दुपार झाली. समोर सातपुडा, आणि फोनच्या कोपऱ्यात रेंजची एकच काडी. बहिणीचे यजमान श्रीरामभाऊजी कपाशीत होते. त्यांच्याच फोनवर, काच तडकलेल्या, काकूंनी आमची वेबसाइट उघडायला लावली आणि आम्ही तिघं बांधावर वाट पाहत उभे राहिलो.

वेबसाइटच्या पहिल्या पानावर सागरभाऊंच्या दिवंगत वडिलांचा भलामोठा फोटो होता, दुकानाच्या उद्घाटनाचा. ऑफिसात तो चटकन दिसायचा. इथे तो पट्टीपट्टीने वरून खाली उतरू लागला. आधी मांडव दिसला. मग झालर. मग फेटा. बराच वेळ नुसता फेटाच होता. भाऊजींनी तंबाखू मळली. कपाळ आलं. भाऊजींनी तंबाखू तोंडात टाकली.

"कोण आहे हे?"

"मालकाचे वडील."

"वारले का?"

"हाव."

"चांगला माणूस दिसते," भाऊजी म्हणाले. "डोये येईपर्यंत मी मोटर चालू करून येतो."

ते विहिरीपर्यंत गेले, मोटर चालू केली, एका सरीचं पाणी दुसरीत वळवून परत आले, तेव्हा मिशी येत होती.

मलकापूरला आल्यावर काकूंनी हे जसंच्या तसं सागरभाऊंना सांगितलं. मी हसू दाबत होते, पण त्यांना लागलं. "माह्या वडिलांचा फोटो काढा म्हणता, काकू?" एवढंच बोलून ते खाली गेले आणि दोन दिवस वर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या फोटो स्टुडिओतून तोच फोटो मोठा करून, चौकट लावून घेऊन आल्या आणि स्वतः स्टुलावर चढून दुकानात गल्ल्याच्या वर, येणाऱ्याच्या नजरेत भरेल असा टांगला. खाली उतरून पदराने काच पुसली.

"इथी लोक हात जोडतीन," त्या म्हणाल्या. "तथी लोक बोटानं ढकलून देतात. कोठी पाह्यजे तुले?"

संध्याकाळी सागरभाऊंनी रफिकला सांगितलं, "काढ बे तो पहिल्या पानावरचा."

लिहिलं ते करून पाहायचं, हा काकूंचा आणखी एक नियम. पानावर दुवा दिला असेल तर त्या तो दाबणार, नंबर दिला असेल तर फिरवणार. 'संपर्क' या पानावरचा आमच्या ऑफिसचा नंबर त्यांनी माझ्यासमोर बसून फिरवला. टेबलावरचा फोन गप्पच. काकूंच्या फोनमधून मात्र यंत्राची घरघर ऐकू आली आणि तिच्या वरताण एका बाईचा आवाज:

"हां, बोला. काय पेरलंय?"

काकूंनी चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

एक आकडा चुकला होता. नऊच्या जागी सहा. दोन वर्षं आम्हाला वाटत होतं की फोन येत नाहीत, कारण कोणी वाचत नाही. वाचत होते. फोनही करत होते. ते सगळे धाड गावच्या कमलबाईंकडे जात होते, आणि कमलबाई त्यांना उत्तरं देत होत्या.

रफिकने आकडा दुरुस्त केला. मला वाटलं, विषय संपला. पण काकू म्हणाल्या, "दोन वर्षं आपल्या खिडकीत दुसरीच बाई बसून राह्यली, अन् आपण तिले पाणीही नाही इचारलं." पुढच्या बाजाराच्या दिवशी बुलढाण्याला गाडी बदलून आम्ही धाडला गेलो. कमलबाईंचं शेवयांचं मशीन होतं, पत्र्याच्या शेडमध्ये. चाळिशीच्या, हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. बोलण्यात जालन्याकडची झाक. आम्ही कोण ते कळल्यावर आधी त्या पोटभर हसल्या.

"पयल्यांदा म्हणलं बाई राँग नंबर," त्यांनी सांगितलं. "तर तो माणूस म्हणला, ताई, लागलाच हाय तर तुम्हीच सांगा, मिरचीचा पाला गोळा व्हायलाय. आता घरी मिरची हाय माझ्या. मला ठावं असून कसं नाही म्हणायचं? मंग लागली सवय. न समजलं तर मालकाला विचारायची, त्यांना न समजलं तर सासऱ्याला."

"लोक काय काय इचारतात?" काकूंनी विचारलं. मी वही काढली.

कमलबाई मशीन बंद करून बोलत गेल्या, अर्धा तास. माणसं काय विचारतात हे त्यांना पाठ होतं: कधी पेरू, किती टाकू, पान पिवळं का पडलं, पाऊस लांबला तर काय. मी लिहिलेल्या साडेआठशे पानांत त्यातल्या निम्म्यांची उत्तरं नव्हती. शेवटी त्या जरा थांबल्या.

"पण लई फोन येतात ते मिठाचे," त्या म्हणाल्या. "तणावर मिठाचं पाणी मारा, असं लिवलंय ना तुम्ही? पयल्यांदा विचारतात, किती मीठ टाकू. मी म्हणते, नका मारू. काही ऐकतात. जे नाही ऐकत, त्यांचा पंधरा-वीस दिवसांनी परत फोन येतो. तवा शिव्या राहतात."

परतीच्या गाडीत काकूंनी माझ्या फोनवर ते पान उघडायला लावलं. ते पान मी लिहिलेलं नव्हतं. संपूर्ण वेबसाइटवर सागरभाऊंनी स्वतः लिहिलेलं ते एकच पान होतं: 'तणावर मिठाचा घरगुती उपाय'. वर त्यांचा हसरा फोटो. आणि आमचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पानही तेच, म्हणून काकूंच्या आधीच रफिकने त्याला लाल टिकली लावून टाकली होती.

"मिठानं तण जळते, हे खरं आहे," काकूंनी त्यांना सांगितलं. "पण मंग जमीनही जळते. म्या तिघायले इचारलं."

"एखाद्यानं जास्त टाकलं असंन, काकू. अन् तेच पान तर चालून राह्यलं! बाकी तुमी सारं काळं केलं. हेही काढलं तर राह्यलं काय?"

"बरं," काकू म्हणाल्या.

त्यांचं 'बरं' ऐकून मी आणि रफिकने एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी धाडला फोन लावला आणि कमलबाईंना सांगितलं की यापुढेही सवयीने त्यांच्याकडे फोन करून जो कोणी मिठाचं विचारील, त्याला सागरभाऊंचा नंबर द्यायचा. जुने चिडलेले लोक आठवत असतील, तर त्यांनाही द्यायचा.

पहिले दोन दिवस सागरभाऊ खालून वरपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात वाद घालत होते. तिसऱ्या दिवशी आवाज उतरला. चौथ्या दिवशी दुपारी ते वर आले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. नुकताच एकाचा फोन येऊन गेला होता. वांग्याचा वाफा होता त्याचा, घराला लागून, त्याची बायको रोज टोपली भरून बाजारात न्यायची. तो माणूस चिडला नव्हता. त्याने एवढंच विचारलं होतं: भाऊ, यात पुन्हा कधी काही उगीन का, तेवढं सांगा.

"म्या काय सांगू त्याले?" सागरभाऊ म्हणाले. "मले माहीतच नाही. काढा ते पान, काकू."

"काढू नको," काकू म्हणाल्या. आम्ही तिघंही चमकलो. "लोक त्याच रस्त्यानं येऊन राह्यले ना? पान काढलं तर ते दुसरीकडं जातीन अन् तथी कोणी सांगीन, मारा मीठ. तू तथीच उभा राह्य अन् सांग, इकडून जाऊ नका. तुह्या हातानं लिव."

शीर्षकातले शब्द तेच राहिले, म्हणजे शोधणाऱ्याला पान सापडावं. खालच्या चार ओळी लिहायला सागरभाऊंना अख्खी दुपार लागली. काकू मागे उभ्या होत्या. पहिल्या ओळीत 'काही शेतकऱ्यांच्या मते' असं आलं, ते त्यांनी खोडायला लावलं. शेवटी उरलं ते असं: 'मिठाची फवारणी करू नका. हा उपाय मीच इथे लिहिला होता. तो चुकीचा होता.'

"फोटो तरी काढू का माहा?" त्यांनी विचारलं.

"राहू दे. सांगणाऱ्याचं तोंड दिसलं पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी कृषी सहाय्यकांना मोटरसायकलवर मागे बसवून सागरभाऊ त्या वाफ्यावर जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. बुटांना माती लागली होती, ती त्यांनी जिन्यावर बसून बराच वेळ खरडली.

साडेआठशेतली दोनशेच्या आतबाहेर पानं उरली. आणि वाचणारे वाढायच्या ऐवजी आणखी घटले! तीन आठवडे आकडा खाली खाली. सागरभाऊ टेप घेऊन वरची खोली मोजून गेले. रफिकचा डबा तसाच परत जायचा. काकू मात्र कप धुता धुता म्हणाल्या, "टाइमटेबल बदललं की आठ दिवस लोक जुन्याच टायमाले येतात, अन् मले शिव्या देतात. मंग येतात बरोबर." आठ दिवस नाही, महिना लागला. पण आधी टेबलावरचा फोन वाजू लागला, मग वाचणारे परतले, आणि दसऱ्याला पाइप आले ते मागच्या गोडाऊनमध्ये गेले. संपर्काच्या पानावर आता दोन नंबर आहेत. दुसरा, मुद्दाम लिहिलेला, कमलबाईंचा. त्याला त्यांची अट एकच होती: सणाच्या आधीचे पंधरा दिवस शेवयांचे, तेव्हा फोन नाही.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी काकूंनी आपला कप कोरडा करून पिशवीत घातला. उद्यापासून येणार नाही म्हणाल्या. मी कारण विचारलं. "आता तुले वाचता येते," त्या म्हणाल्या. एम. ए.च्या निकालानेही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. उन्हाळा होता. एका कचेरीत मला कसलासा दाखला काढायचा होता. दारावर बारीक अक्षरांत भली लांब सूचना लावलेली, आणि ती न वाचता लोक बाहेरच्या कडुलिंबाच्या झाडाखाली रांग लावून उभे. आत खिडकीसमोर मात्र कोणीच उभं नाही. मला नवल वाटलं. पुढे जाऊन पाहिलं, तर झाडाच्या पारावर इंगळेकाकू बसल्या होत्या. स्वतःच्या कामाला आल्या होत्या म्हणे, सकाळीच. काम झालंही होतं. आता एकेकाचे कागद हातात घेऊन त्या खिडकीतल्या आवाजात सांगत होत्या: याची झेरॉक्स लावा, इथे सही करा, हा कागद लागत नाही, ठेवून द्या. माणूस तेवढंच ऐकायचा आणि आत जायचा.

मी हाक मारली, तर त्यांनी वर न बघता तळहात दाखवला. मी रांगेत उभी राहिले. ऊन अंगावर येत होतं, रांग सरकत होती. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एकदम ओळखीचं हसल्या.

"बोल. काय पाह्यजे?"

मी म्हटलं, काही नको काकू, तुम्हाला भेटायचं होतं फक्त.

"मंग इकडं बाजूले बस," त्यांनी पदर सावरून पारावर हातभर जागा केली. "मांग माणसं उभी आहेत."